एकोणिसाव्या पानावरचं वर्तुळ

यॉर्कशायरमधल्या आमच्या वाचनालयात म्हातारी मंडळी वाचलेल्या पुस्तकात हळूच खूण करून ठेवतात, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी जात नाही. ऑग्डेनबाई एकोणिसाव्या पानाच्या आकड्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढायच्या. एकाच लेखकाच्या सगळ्या रहस्यकादंबऱ्या त्या क्रमाने वाचत होत्या. पुस्तक परत करताना मुद्दाम मला खुनी सांगून टाकायच्या आणि मी चिडले की खूश व्हायच्या.

सोमवारी त्या लेखकाचं नवंकोरं पुस्तक आलं. माझा सहकारी एडविन याने शीळ घालत ऑग्डेनबाईंसमोरच खोकं फोडलं आणि तो मागच्या कपाटाकडे गेला.

बाईंनी सवयीने एकोणिसावं पान उघडलं. आकड्याभोवती त्यांचंच थरथरतं वर्तुळ होतं.

"हे वाचलंय मी," त्या म्हणाल्या.

"अहो, आत्ता तर आलंय!"

"वाचलंय गं. आठवतंय सगळं."

"मग सांगून टाका, खुनी कोण?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

"कोट घे, पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "हसत राहा, आणि माझ्याबरोबर बाहेर चल."

मागे एडविनची शीळ थांबली.