जरासा बाक

बाईचं मधलं बोट सुजून टम्म झालं होतं. शेजारच्या स्टुलावर बसून म्हातारा ते एकटक बघत होता. ही बाई कोण, आपण इथे कशाला आलो, काही केल्या ध्यानात येईना. ओल्या प्लास्टरचा वास तेवढा ओळखीचा वाटत होता.

ती त्याची मुलगी होती. सकाळी ती त्याला आंघोळीला नेत असताना, कोणी परकं माणूस आपले कपडे ओढतंय असं वाटून त्यानेच तिचं बोट उलटं पिरगाळलं होतं. आता ते त्याच्या गावीही नव्हतं.

प्लास्टर लावणाऱ्या बाईंनी डॉक्टरांचा कागद वाचला. हाड शाबूत होतं, सांधा मागे ताणला गेला होता. कसं झालं, असं त्यांनी विचारलं. दारात सापडलं, असं मुलीने सांगितलं.

"दारात बोट चेंगरतं. असं उलटत नाही," बाई म्हणाल्या. मग जास्त खोलात न जाता त्यांनी फोम लावलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापली आणि बोटावर धरली.

"सरळ नको," म्हातारा म्हणाला.

बाईंनी त्याला, आजोबा, तुम्ही बसा, असं समजावलं. तेव्हा मुलीने हळूच सांगितलं, की बाबांनी अशाच खोलीत तीस वर्षं प्लास्टरं घातली आहेत. बाई घुटमळल्या. मग त्यांनी पट्टी त्याच्या हातात ठेवली.

शर्टाचं एक बटण लावताना सकाळी त्या हातांनी हार मानली होती. आता मात्र त्यांना काही सांगावं लागलं नाही. पट्टीला अंगठ्याने जरासा बाक दिला, ती बोटाच्या पाठीवर बसवली, बुडाशी चिकटपट्टीचे दोन वेढे घेतले.

"वाकवून बघा. वाकलं पाहिजे, पण पुरतं सरळ होता कामा नये. नाहीतर परत उलटेल."

तिने बोट वाकवलं. तिचे डोळे भरून आले.

"दुखलं?"

"नाही."

त्याने तिचा हात खाली ठेवला नाही. "कोणी केलं हो हे?"

"घरातच झालं. मुद्दाम नाही केलं कोणी."

"सगळ्या असंच सांगतात," तो पुटपुटला. त्याला या बाईची फार काळजी वाटू लागली. का, ते कळेना. तीन आठवड्यांनी दाखवायला या, हात उशीवर उंच ठेवून झोपा, असं सगळं त्याने रीतसर सांगितलं. मग म्हणाला, "आणि एकट्या नका येऊ. घरचं कोणीतरी बरोबर असू द्या."

"आहेत बरोबर," ती म्हणाली.

त्याने मान वळवून दाराकडे पाहिलं. बाहेरच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

"मग बोलवा की त्यांना आत."