दर रविवारी नवी खोट

“डोक्याच्या मानाने कान मोठे आहेत,” म्हणत निवृत्त निरीक्षकांनी तो वीतभर कुत्रा बाईंच्या मांडीवर परत ठेवला.

“मागच्या रविवारी शेपूट आखूड होतं.”

“ते आहेच. हे वेगळं.”

बाईंनी मान डोलावली आणि चहा ओतला.

निरीक्षकांचं आयुष्य वजनमापं खात्यात दुकानदारांच्या काट्यांत खोट काढण्यात गेलं. घरी आता खोट काढायला कोणी उरलं नव्हतं. शिवाय त्यांच्या इमारतीत कुत्रा पाळायला बंदी होती. हे त्यांनी बाईंना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर रविवारी जायचं कुठे? कुत्रा पसंत पडला की चहा संपला, असा साधा हिशोब.

दुकान म्हणजे बाईंची बाहेरची खोली. दाराला टेकवून ठेवलेली पाटी : ‘लहान जातीची कुत्री मिळतील.’ भिंतीशी पिंजरे, त्यांत कांदे, रद्दी आणि एक शिवणयंत्र. कुत्रा एकच. “बाकीची कालच गेली,” असं बाई दर वेळी सांगत. याच्या तोंडावरचे केस पांढरे होते. “रंगच तसा आहे,” त्या म्हणाल्या होत्या. ज्याला माल घ्यायचाच नाही त्याने फार चौकशी करू नये, म्हणून निरीक्षक गप्प राहिले.

तेवढ्यात एक जोडपं आत आलं.

“अय्या, केवढासा! अहो, हाच घेऊ या ना.”

निरीक्षकांनी हातातलं बिस्किट बशीत ठेवलं. बाई कुत्र्याला दोन्ही हातांनी धरून बसल्या.

“जरूर घ्या,” निरीक्षक म्हणाले. “हाडं मात्र काडीसारखी. सोफ्यावरून उडी मारली की पाय मोडलाच. गळ्यात पट्टा चालत नाही, श्वासनळी नाजूक. थोडं थोडं चारदा खायला घालायचं, पोट रिकामं राहिलं तर चक्कर येऊन पडतो. दात रोज घासायचे.”

“रोज?” नवरा दचकला.

“स्वतःचे घासताना यांच्या जिवावर येतं,” बायको म्हणाली.

“आणि एकटा राहिला की दाराकडे तोंड करून बसतो.” इथे निरीक्षकांचा आवाज जरा उतरला.

‘विचार करून सांगतो’ म्हणत जोडपं गेलं.

निरीक्षक ओशाळले. “बाई, गिऱ्हाईक घालवलं मी तुमचं.”

“जाऊ द्या हो. खरं तेच सांगितलंत.” त्यांनी पुन्हा कप भरला. थोडा चहा बशीत सांडला.

“पुढच्या रविवारी पंजे बघतो. मला शंका आहे.”

“बघा की. घाई कसली?”

बिचारीला अजून काही कळलेलं नाही, असं मनाशी म्हणत निरीक्षक गल्लीच्या टोकाला वळले.

ते दिसेनासे झाल्यावर बाईंनी पाटी आत आणली, पदराने पुसली आणि पलंगाखाली सरकवली. कुत्र्याला उचलून त्याच्या रोजच्या उशीवर ठेवलं.

“झालं हं, म्हातारबा,” त्या म्हणाल्या. “आता रविवारपर्यंत तू विकाऊ नाहीस.”