अळणी ताट

"आजही ऑपरेशन नाही," आजोबा ताट ओढून घेत म्हणाले. "प्रेशर खाली येईना. ते आल्याशिवाय ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशनशिवाय घरी सोडत नाहीत. नऊ दिवस झाले. छतावरचे डाग मोजून झाले, आता भिंतीवरचे मोजतोय."

प्रेशरवाल्या पेशंटांसाठी बिनमिठाचा स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा जीव तुटला. पहिल्या दिवशी अळणी घास तोंडात तसाच धरून बसलेले आजोबा त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

"तुमच्या हाताला मात्र चव आहे हो, मावशी. आता अळणीसुद्धा गोड लागतं. तेवढ्यावरच दिवस काढतोय."

"जेवा पोटभर," म्हणत मावशी डोळे पुसत वळल्या. त्यांनी ठरवलं, बिचाऱ्यांच्या भाजीत उद्यापासून गुपचूप एकाऐवजी दोन चिमटी मीठ घालायचं.