वाहता नळ

दार लावून भास्कररावांनी बाथरूमचा नळ सोडला. पाण्याच्या आवाजाने लघवी सुटते, ही युक्ती वडिलांची. तेही असेच आत बसून राहायचे. आई ओरडायची, "अहो, टाकी रिकामी होईल!" आतून उत्तर यायचं, "झालंच." आजार घरात कळला तो मूत्रपिंडं निकामी झाल्यावरच; त्यातच ते गेले.

"आता गोळ्या पुरे पडत नाहीत, प्रोस्टेटचं दुर्बिणीतून ऑपरेशन करू," डॉक्टर काल म्हणाले होते. घरी भास्कररावांनी सांगितलं, "सगळं नॉर्मल आहे."

आज थेंबही उतरेना.

"अप्पा, टाकी रिकामी होईल!" बाहेरून सून ओरडली.

"झालंच," आतून उत्तर गेलं. भास्कररावांनी तर तोंडही उघडलं नव्हतं.

त्यांनी कडी काढली. "पोरी, होत नाहीये गं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय."

मागे कुणीतरी हळूच नळ बंद केला.