दुसरा प्याला

चर्चमधल्या प्रभुभोजनानंतर मी सगळ्यांचा एकच प्याला धुवायला घेतला, तेव्हा द्राक्षरस जेमतेम अर्धं बोट उतरला होता. निम्म्या मंडळीनं तो ओठांना लावलाच नव्हता. भांडण कशावरून, तर उपासनेत ऑर्गन वाजवायचा की गिटार!

ऑर्गनवाल्यांचे पुढारी आत आले. "वहिनी, पुढच्या रविवारी आम्हाला वेगळा प्याला ठेवा. गिटारवाल्यांचं उष्टं आम्ही पिणार नाही."

"त्यांच्यात तुमचा सख्खा भाऊ आहे. लहानपणी एका ताटात जेवलात ना?"

"ते आमचं घर होतं. हे देवाचं आहे."

माझे यजमान इथले पाळक. वर्षभर ते दोन्ही बाजूंना नुसतं "बघू" म्हणत आले होते. आज मात्र त्यांनी पुढे येऊन माझ्या हातातला प्याला काढून घेतला.

"दुसरा नाही, आणि हाही नाही. तुम्ही भाऊ एकमेकांची क्षमा मागेपर्यंत प्रभुभोजन बंद. माझंसुद्धा."