चोराची संमती

डिचोलीच्या बुधवारच्या बाजारातून धाकूची स्कूटर चोरीला गेली, तीही पालिकेच्या कॅमेऱ्यासमोरून. फुटेज बघायला मिळावं म्हणून पालिकेत खेटे घालून धाकूच्या चपला झिजल्या, पण कारकून रुद्रेशचं तुणतुणं एकच.

"धाकूकाका, चोराचं तोंड स्वच्छ दिसतं. पण ती त्याची खाजगी माहिती. त्याची संमती आणा."

"अरे बाबा, तोंड बघितल्याशिवाय त्याला शोधू कुठे?"

"मी काय करू? नियम वरून आलाय."

पुढच्या खेपेला रुद्रेश हळहळला. "काल तो स्वतःच येऊन गेला, काका. संमती देत नाही म्हणाला."

धाकू मटकन बाकावर बसला. "आणि तू त्याला सोडलंस?"

"चहा पाजला, खूप समजावलं. पण तो तुमच्यावरच वैतागलेला. म्हणाला, स्कूटरचे ब्रेक वेळेवर करून घ्यायला काय झालं होतं त्या माणसाला?"