मागची रांग

"हळू, मालनताई, हळू. इथे मशीन नाहीये," शिकवणाऱ्या मॅडम हसून म्हणाल्या, तेव्हा कुठे ऑफिसातल्या पोरींनी कानांवरचे हात काढले. मालन ओशाळली. एकवीस वर्षं कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या धडधडाटात कमावलेला आवाज एसीच्या खोलीत मावतच नव्हता.

सहा आठवडे ती कंपनीच्या या सादरीकरणाच्या वर्गात इमानेइतबारे शिकली. एका स्लाइडवर तीनच ओळी. मागणी आधी, कारण नंतर. पाठकोरे कागद लिहून लिहून संपवले. रोज भाकऱ्या थापताना भिंतीशी हळू आवाजात बोलायची. नवरा विचारायचा, "बरी आहेस ना?"

शेवटच्या दिवशी सादरीकरणाला मोठे साहेब पुढे बसले होते. मागच्या रांगेत तिच्याच खात्यातले चौघे, खास तिला ऐकायला आलेले. विषय तिनंच निवडला होता: प्रेस शॉपमध्ये प्रत्येकाला धडधडाटापासून कान वाचवणारे चांगले इअरमफ का हवेत.

पहिलं वाक्य ती अगदी मॅडमना हवं तसं, मऊ बोलली. मॅडमनी खुशीत मान डोलावली.

मागून गुलाबमामांनी कानामागे हात धरला. "मालन, काय म्हणालीस गं? काहीच ऐकू आलं न्हाई." शेजारच्या तिघांनीही नकारार्थी माना हलवल्या.

हॉल हसला. मालन हसली नाही. तिनं कागद खाली ठेवला आणि मशीनवरच्या आवाजात म्हणाली, "साहेब, तुम्हाला ऐकू आलं, त्यांना नाही. मला एवढंच सांगायचंय."